३ किलोवॅट सोलर आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी, दापोली तालुका : पूर्ण पावसाळा वापरल्यावरचा रिव्ह्यू

आधी एक गोष्ट सांगून टाकते कारण घरी बघायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, की बॅटरीमुळे बिल किती कमी झालं. बॅटरीमुळे एक रुपया कमी झालेला नाही. बिल कमी झालं ते छपरावरच्या पॅनलमुळे आणि नेट मीटरमुळे (आपली जास्तीची वीज लाईनला जाते ती मोजून बिलातून वजा करणारा मीटर). बॅटरी ही लाईट गेल्यावर घर चालू राहावं म्हणून आहे, आणि हे दोन हिशोब एकमेकांत मिसळले की माणूस चुकीची वस्तू घेतो किंवा बरोबर वस्तू चुकीची वापरतो. आम्ही दुसरं केलं, पहिले तीन महिने. त्याचंच मुख्यतः लिहिणार आहे.

आमचं घर समुद्रापासून चारेक किलोमीटरवर, जांभ्या चिऱ्याचं, पुढे कौलं आणि मागच्या बाजूला स्लॅब. घरात आम्ही दोघं, मुलगी, आई आणि बाबा, म्हणजे सासू-सासरे. माझा घरगुती व्यवसाय आहे, मे महिन्यात हापूसचा रस काढून बाटल्या फ्रीझ करते, गणपतीला उकडीचे मोदक, बाकी वर्षभर कोकम, फणसाचे गरे वगैरे. त्यामुळे घरात तीनशे लिटरचा डीप फ्रीझर आहे आणि माझं वर्षाचं उत्पन्न त्याच्या आत असतं असं समजा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं ते दिवेआगर-श्रीवर्धनकडे किनाऱ्याला लागलं पण दापोली-मंडणगडनेही काय सोसलं ते इथल्या लोकांना सांगायला नको. आमच्याकडे तीन आठवडे लाईट नव्हती. साठ किलो रस होता, तिसऱ्या दिवशी बाटल्या फुगायला लागल्या, पाचव्या दिवशी सगळा माडाच्या आळ्यात ओतला. आई ओतत होत्या आणि मी बाटल्या धूत होते, एकमेकींशी बोललो नाही. पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते. तेव्हापासून डोक्यात होतं की काहीतरी करायचं. दीडशे अँपिअर-अवरच्या ट्यूब्युलर बॅटरीचा साधा इन्व्हर्टर होता पण त्यावर पंखे-दिवे चार-पाच तास, फ्रीझर नाहीच, आणि दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बसवलं ते असं. ५४० वॅटची सहा पॅनल, म्हणजे ३.२४ किलोवॅट, स्लॅबवर उंच स्ट्रक्चर करून. ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे सोलर, बॅटरी आणि लाईन तिन्ही सांभाळणारा. ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे ५.१२ युनिट. सगळं मिळून ३ लाख ५५ हजार गेले, त्यातले पीएम सूर्यघर योजनेचे ७८ हजार नेट मीटर लागल्यावर थेट खात्यात आले (पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार आणि तिसऱ्याला अठरा). बॅटरीला सबसिडी नाही, ती पूर्ण आपल्या खिशातून. हे कोटेशन घेताना विचारून घ्या, आम्हाला एका एजंटने सांगितलेलं की बॅटरी धरूनच सबसिडी मिळते, तसं काही नसतं.

बॅटरी कशाला, नुसतं ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेलं सोलर घ्या, स्वस्त पडतं, असं सगळ्यांनी सांगितलं. स्वस्त पडतं हे खरंच. पण शेजारच्या वाडीत एकांकडे ऑन-ग्रिड आहे, भर दुपारी कडक ऊन असताना लाईट गेली की त्यांचं सोलरही बंद. बऱ्याच लोकांना हे पैसे भरून झाल्यावर कळतं. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरून शॉक बसू नये म्हणून तो इन्व्हर्टर लाईन गेल्याबरोबर बंद पडतो, तसा तो बनवलेलाच असतो, त्यात बिघाड काही नाही. ज्यांच्याकडे लाईट फारशी जात नाही त्यांनी खुशाल ऑन-ग्रिड घ्यावं. आमच्याकडे जून ते ऑक्टोबर झाडं पडतात, फांद्या पडतात, जाणारच.

आता २५ मे ची रात्र. २०२५ ला पाऊस किती लवकर आला ते आठवत असेल, २४ मे ला केरळ आणि २६ ला मुंबईत पोचला सुद्धा. माझा रसाचा सीझन अर्ध्यावर, फ्रीझर गळ्यापर्यंत भरलेला, ८० बाटल्या. संध्याकाळपासून वारा सुटलेला, रात्री साडेदहाला लाईट गेली आणि घरातला एक दिवा सुद्धा लुकलुकला नाही इतक्या सहज बॅटरीवर गेलं. मोबाईलवर ॲपमध्ये बघितलं, ८० टक्के. म्हटलं सकाळपर्यंत काळजी नाही. बाबांना दमा आहे, पावसाळी हवेत वाढतो, त्यांना नेब्युलायझर लावलं, सगळे झोपलो. पावणेतीनला पंखा बंद पडल्याने जाग आली. घर काळंकुट्ट, इन्व्हर्टर टीं टीं करून गप्प झालेला, आणि झोपण्याआधी ॲपने दाखवलेलं तर ८० टक्के, म्हणजे चार तासांत ८० वरून शून्य. बाबांना पुन्हा धाप लागलेली, स्पेसर लावून पंप दिला, खिडकीपाशी बसवलं, उजाडेपर्यंत हे आणि मी जागे. सव्वा लाखाची बॅटरी भिंतीवर आणि हातात टॉर्च. मला तेव्हा खूप राग आला होता आणि तो बरोबरच होता.

सकाळी ज्यांनी बसवलं त्यांना फोन केला तर म्हणाले ताई लोड जास्त असेल. लोड जास्त नव्हता, मी मोजून दिला होता. शेवटी त्यांच्याकडे काम करणारा एक मुलगा, तो स्वतःहून रात्री फोनवर आला, म्हणाला वहिनी इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर बॅटरी टाईप काय लिहिलंय वाचा. एजीएम लिहिलं होतं. म्हणजे इन्व्हर्टर समजत होता की आपल्याला लेड ॲसिड बॅटरी जोडलीये. मग म्हणाला बॅटरीच्या खालच्या बाजूला इंटरनेटच्या वायरसारखी वायर लावलीये का बघा. ती वायर पिशवीसकट खोक्यात होती. लावलीच नव्हती.

हे जरा नीट सांगते कारण तुमच्याकडेही असं असू शकतं. या बॅटरीत ३.२ व्होल्टचे सोळा सेल असतात. लेड ॲसिडचं व्होल्टेज बॅटरी उतरेल तसं हळूहळू उतरतं, त्यावरून किती शिल्लक आहे याचा साधारण अंदाज येतो. लिथियम फॉस्फेटचं तसं नाही, ते बराच काळ ५२-५३ व्होल्टवरच रेंगाळतं आणि अगदी शेवटी धाडकन पडतं. त्यामुळे व्होल्टेज बघून टक्के काढणारा इन्व्हर्टर थापा मारतो. खरे टक्के फक्त बॅटरीच्या आतल्या बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) माहीत असतात, तो आतबाहेर जाणारा करंट मोजत असतो, आणि ती माहिती इन्व्हर्टरला त्या एका वायरीतून मिळते. वायर लावून, टाईप लिथियम करून, प्रोटोकॉल (दोघांची एकमेकांशी बोलायची भाषा) जुळवून घेतला तेव्हापासून ॲपचा आकडा आणि बॅटरीवरच्या दिव्यांचा आकडा एक येतो. एक महत्त्वाची गोष्ट अजून, इक्वलायझेशन म्हणून एक सेटिंग असतं ते लेड ॲसिडसाठी असतं, लिथियमला ते बंदच पाहिजे.

पण ८० नसले तरी रात्री साडेदहाला बॅटरी उतरलेली का होती? कारण दुसरं सेटिंग. इन्व्हर्टर एसबीयू मोडवर ठेवून गेले होते, म्हणजे आधी सोलर, मग बॅटरी, मग लाईन. सूर्य मावळला की लाईन धडधडीत चालू असताना सुद्धा घर बॅटरीवर चालायचं, रोज. वर कौतुक की ताई तुम्ही संध्याकाळी पण फुकट वापरताय. नेट मीटर असलेल्या घराला यात काय फायदा? दुपारी जास्तीचं युनिट लाईनला दिलं की त्या बदल्यात रात्री एक युनिट मिळतंच, आणि तेच युनिट बॅटरीत घालून काढलं तर वाटेत दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातं, शिवाय बॅटरीचं आयुष्य रोज एक सायकल (एकदा भरून उतरणं) खर्च. आणि लाईट जाते तेव्हा बॅटरी नेमकी रिकामी. आता आमचा मोड एसयूबी आहे, सोलर, मग लाईन, आणि बॅटरी सगळ्यात शेवटी. ती शंभर टक्के भरून शांत बसलेली असते आणि लाईट गेली की कामाला लागते. ज्यांच्याकडे नेट मीटर नाही त्यांनी एसबीयूच ठेवावा, त्यांचं दुपारचं जास्तीचं नाहीतर वायाच जातं. पण बसवणाऱ्याने हे विचारून ठरवायला पाहिजे, एकच सेटिंग सगळ्या घरांना मारून जायचं हे बरोबर नाही.

आता त्या रात्रीतून कळलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट. लाईट आली ती एकतीस तासांनी. मधल्या दिवशी ढगात पॅनलने तीनच युनिट दिली, ती मी पंखे, फ्रीज आणि बाबांच्या मशीनला ठेवली आणि फ्रीझरचं बटण बंदच ठेवलं, झाकणावर गोधडी टाकली आणि कोणी उघडायचं नाही म्हणून चिठ्ठी चिकटवली. मनात निसर्गचे पाच दिवस. लाईट आल्यावर हात थरथरत उघडला तर वरच्या थरातली बाटली सुद्धा दगड. वरची बाटली काढून ओट्यावर आपटून बघितली, ठण्ण आवाज आला. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता दोन दिवस टिकतो असं वाचलं होतं, पण विश्वास तेव्हा बसला.

मग कागद-पेन घेऊन बसले. संध्याकाळी साडेसहा ते सकाळी आठ, साडेतेरा तास. फ्रीझर १.७ युनिट, फ्रीज ०.६, चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे मिळून १, दिवे ०.३, राऊटर आणि बाबांचं मशीन मिळून ०.२. आणि जे कोणी धरत नाही ते, इन्व्हर्टर स्वतः. तो नुसता चालू राहायला पन्नास वॅट खातो, साडेतेरा तासांत जवळजवळ पाऊण युनिट! बेरीज साडेचार. बॅटरी ५.१२ असली तरी शेवटचे पंधरा-वीस टक्के राखून ठेवायचे तर हाताशी चारच. म्हणजे सगळं बरोबर लावलेलं असतं तरी आमची रात्र पहाटेच संपली असती. बसवणाऱ्यांनी यावर दुसरी बॅटरी घ्या म्हणून सांगितलं. मी दीड हजाराचा टायमर घेतला. लाईट असो नसो, फ्रीझर सकाळी नऊ ते पाच चालतो, त्या वेळात थर्मोस्टॅट सगळ्यात थंडवर, संध्याकाळी बंद. उन्हाची वीज थेट रसात साठते म्हणा. फ्रीझर रात्रीच्या हिशोबातून गेला की साडेचारचे पावणेतीन होतात आणि सकाळी आठला बॅटरीत अजून पंचेचाळीस टक्के असतात. जून ते सप्टेंबर लाईट बऱ्याच वेळा गेली, दोनदा रात्रभर, आणि बॅटरी संपून घरात एकदाही अंधार झाला नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा, हे भरलेल्या फ्रीझरला चालतं. अर्धा रिकामा असेल तर मी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवते. आणि आईस्क्रीम, मासे असं रोज उघडझाप होणारं असेल तर हा उपाय करू नका.

विहिरीचा पंप एक एचपी. चालताना किलोवॅटभर घेतो पण सुरू होताना चार-पाच पट ओढतो. एकदा बॅटरीवर असताना यांनी पंप लावला आणि बॅटरीच्या बीएमएसने सरळ स्वतःला तोडलं, सगळं घर बंद. तेव्हापासून पंप, गीझर, ओव्हन हे बॅकअपच्या बोर्डावरून काढून वेगळे केले. हे वायरिंग पहिल्या दिवशीच वेगळं करून घ्या, नंतर भिंती फोडाव्या लागतात. २७ ऑगस्टला गणपती, मुंबईचे सगळे आलेले, घरात सतरा माणसं, लाईट गेलेली, आणि कोणीतरी इलेक्ट्रिक किटली आणि कोणीतरी केसांचं ड्रायर बॅकअपच्या सॉकेटला लावलं. टीं टीं सुरू झाल्यावर मुलगी पळत सुटली बंद करायला. आता त्या सॉकेटांना लाल टेप आहे आणि पाहुणे आल्यावर चहाबरोबर पहिली माहिती तीच दिली जाते.

पावसाळ्यात किती मिळतं हा दुसरा मोठा प्रश्न. मार्चमध्ये दिवसाला चौदा युनिट यायची, जुलैत सरासरी सात, आणि जे सलग काळोखे दिवस असतात ना, घरात दुपारी दिवा लावावा लागतो, तेव्हा दोन. कोकणात लाईट जाण्याचे दिवस आणि ऊन नसण्याचे दिवस एकच असतात, त्यामुळे पॅनलच्या भरवशावर बॅटरी भरेल असं धरून चालू नका. आमच्याकडे ग्रिड चार्जिंग, म्हणजे लाईनवरून बॅटरी भरणं, ३० अँपिअरला ठेवलंय, लाईट आली की तासाला दीडेक युनिट भरतं, तीन तासांत बॅटरी पुन्हा तयार. हे सेटिंग सुद्धा बंद करून गेले होते.

बाकी गोष्टी भराभर. अर्थिंग मोजून मागा. आमच्याकडे कातळ, कातळात अर्थिंग लागत नाही, पहिल्यांदा मोजलं तर ११ ओहम आलं, म्हणजे जास्त. मी हट्टच धरला, वैशाखात आणि परतीच्या पावसात इथे विजा कशा पडतात ते माहीत आहे. शेवटी खड्डे खाली परसात, विहिरीजवळच्या ओल्या मातीत घेतले, तिथे ४ च्या खाली आलं. स्ट्रक्चर गॅल्व्हनाईज्ड आहे आणि चांगलं आहे पण नट-बोल्ट साधे टाकले होते, आठ महिन्यांत खाऱ्या हवेने तांबूस झाले, स्टेनलेसचे बदलून घेतले. वानर फणसावरून थेट पॅनलवर उड्या मारतात, काच अजून शाबूत आहे पण एकाने खालची वायर ओढून लोंबकळत ठेवली होती, आता सगळ्या वायरी पाईपात. इन्व्हर्टर पडवीत लावणार होते, मी माजघरात लावून घेतला, पडवीत ओल आणि पाली. पाल आत शिरून कार्ड जाळते म्हणून जाळ्यांना बारीक जाळी मारलीये, पंख्याची हवा अडणार नाही अशी. दुपारी तीननंतर एका माडाची सावली दोन पॅनलवर यायची आणि सहाही पॅनल एकाच माळेत असल्याने त्या दोघांपायी बाकीच्यांचंही कमी व्हायचं. माड तोडायला आई तयार नव्हत्या आणि मीही नाही. पाडेल्याकडून झावळ्या उतरवून घेतल्या, ॲपमध्ये दुपारचा खड्डा बराच भरला.

बिल, कारण विचारणारच. आधी मे महिन्यात साडेतीनशे-चारशे युनिट व्हायची, म्हणजे ३०० च्या वरचा महाग टप्पा लागायचा. आता मार्च-एप्रिलला स्थिर आकार आणि किरकोळ, जुलै-ऑगस्टला थोडं बिल येतं. नऊ महिन्यांत नक्की किती वाचले ते मार्चचा हिशोब झाल्यावर लिहीन, उरलेली युनिट ३१ मार्चपर्यंतच पुढे जातात आणि मी अजून ते चक्र पूर्ण बघितलेलं नाही.

बॅटरीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. आवाज नाही, पाणी घालणं नाही, आणि मोड बदलल्यापासून एवढ्या वेळा लाईट जाऊनही ॲपमध्ये मोजून एकोणीस सायकल वाढलेल्या दिसतायत, हजारोंच्या हिशोबात काहीच नाही. इन्व्हर्टरला चार, स्वतःच पन्नास वॅट खातो आणि पंख्याचा आवाज रात्री माजघरात ऐकू येतो. पॅनलला पाच. बसवणाऱ्यांना दोन, आणि तेही त्या मुलामुळे. काम वाईट नव्हतं, स्ट्रक्चर सरळ आहे, वायरिंग नीटनेटकं आहे, पण बसवून, फोटो काढून, पेढे खाऊन निघून गेले, चालवायचं कसं हे कोणी बसून सांगितलं नाही. घरात आजारी माणूस आहे हे त्यांना माहीत होतं. एक तास दिला असता तर २५ मे ची रात्र तशी गेली नसती.

तुमच्याकडे नवीन बसवत असाल तर माणसं गाडीत बसायच्या आधी एक करा. संध्याकाळी सहाला मेन स्विच स्वतःच्या हाताने बंद करा आणि त्यांना म्हणा चहा घ्या, दोन तास थांबा. ॲपचे टक्के कागदावर लिहा, दर अर्ध्या तासाने. आकडा हळूहळू आणि सारखा उतरला पाहिजे. तासभर ढिम्म हलला नाही तर ती वायर कुठल्यातरी खोक्यात आहे.